चर्चेत सगळे एकदम का बोलतात? टीव्ही-रेडिओवरची मुलाखत आणि पॅनेल आतून कसं चालतं

रात्री नऊच्या चर्चेत आठ चौकोनांत आठ चेहरे असतात, त्यातले पाच एकाच वेळी बोलत असतात आणि त्यावर अँकर आपला सहावा आवाज चढवतो. घरोघरी यावर एकच शेरा पडतो : ‘यांना भांडायचेच पैसे मिळतात.’ शेरा अगदीच खोटा नाही, पण अर्धा आहे. या गोंधळाचा मोठा वाटा कार्यक्रमाचा लाल दिवा लागण्याआधीच ठरलेला असतो. पाहुणे किती बोलावले, वेळेची वाटणी कशी झाली, आवाज एकमेकांपर्यंत पोहोचायला किती उशीर लागतो आणि मुळात प्रश्न काय ठेवला, यावर तो ठरतो. तासभर खिळवून ठेवणारी मुलाखतही अशीच आधी घडलेली असते. समोर दिसते ती तिची शेवटची पायरी.

मुलाखत आणि पॅनेल ही दोन वेगळी कामं आहेत. मुलाखतीत एकच माणूस असतो आणि त्याच्या प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न निघायला हवा. पॅनेलमध्ये सूत्रधाराचं मुख्य काम प्रश्न विचारण्याचं नसतं. बोलण्याची पाळी वाटणं आणि एकाचा मुद्दा दुसऱ्याच्या समोर नेऊन ठेवणं, हे ते काम. उत्तम मुलाखतकार पॅनेलमध्ये हमखास फसतो तो यामुळेच. एका पाहुण्याच्या उत्तरात तो रमतो आणि बाकीचे तिघे चुळबुळत बसतात.

आधी वेळेचा हिशोब

कार्यक्रम एका तासाचा आहे असं धरू. केबल टीव्हीच्या नियमांनुसार वाहिनीला तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात : १० मिनिटं विकलेल्या आणि २ मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांच्या. उरली ४८. सुरुवातीच्या हेडलाइन्स आणि विषयाची ओळख करून देणारी छोटी चित्रफीत यांत पाचेक मिनिटं जातात. अँकरची प्रस्तावना, प्रश्न, ब्रेकला जाणं, ब्रेकवरून येणं यांत दहा-अकरा मिनिटं सहज जातात. हातात राहिली ३२.

पाहुणे आठ असतील तर प्रत्येकाला चार मिनिटं मिळतात. ती तीन फेऱ्यांत वाटली तर एका वेळेला ८० सेकंद. माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो, म्हणजे ८० सेकंदांत दीडशे-पावणेदोनशे शब्द. एवढ्यात मुद्दा मांडून होतो. त्याचा पुरावा देता येत नाही.

खरी अडचण याच्याही पुढची आहे. तुमच्या पक्षावर आत्ता कुणी आरोप केला आणि तुमची पाळी सात जणांनंतर आहे. सात गुणिले ८० सेकंद म्हणजे नऊ मिनिटांहून जास्त, त्यात ब्रेक आला तर तेरा-चौदा. तोवर तो आरोप प्रेक्षकाच्या डोक्यात बसलेला असतो आणि त्याची क्लिप मोबाइलवर फिरायला लागलेली असते. अशा वेळी मध्ये तोंड घालणं हा प्रवक्त्याचा उद्धटपणा राहत नाही, ते त्याचं कामच होऊन बसतं. चार पाहुणे असतील तर प्रत्येकाला आठ मिनिटं मिळतात आणि उत्तर द्यायला चारेक मिनिटंच थांबावं लागतं. शांत चर्चा हवी असेल तर चार हा आकडा ओलांडायचा नाही. बाकी सगळे उपाय यानंतरचे.

मग वाहिन्या आठ जणांना का बोलावतात? एक कारण साधं आहे : आयत्या वेळी दोघे-तिघे गळतात, लाइन तुटते, कुणी ट्रॅफिकमध्ये अडकतो, म्हणून पाहुणे जुळवणारा माणूस दोन जास्तीचे धरून ठेवतो. आणि सगळेच आले तर कुणालाही परत पाठवण्याची हिंमत होत नाही.

पाव सेकंदाचा घोटाळा

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपल्यावर दुसरा साधारण पाव सेकंदाच्या आत बोलायला लागतो. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांवर झालेल्या अभ्यासात ही फट सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास सापडली आहे. म्हणजे आपण वाक्य संपण्याची वाट बघत नाही. ते कुठे संपणार याचा अंदाज बांधून उत्तर आधीच तयार ठेवतो.

आता पाहुणा नागपुरात आणि स्टुडिओ मुंबईत आहे असं समजा. आवाज आणि चित्र उपग्रहावरून येत असेल तर सिग्नल सुमारे ३६,००० किलोमीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. नुसत्या या प्रवासाला पाव सेकंद लागतो. त्यात चित्र दाबून लहान करायला आणि परत उलगडायला लागणारा वेळ मिळवा. वार्ताहराच्या पाठीवरची बॅग, जी अनेक मोबाइल सिमकार्डांवरून एकदम चित्र पाठवते, ती तर मुद्दाम एक-दोन सेकंद किंवा त्याहून जास्त उशीर ठेवते, कारण नेटवर्क डळमळलं तरी चित्र तुटू नये. प्रश्न जायला उशीर, उत्तर यायला उशीर, म्हणूनच पाहुणा दोन सेकंद कोऱ्या चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे बघत राहतो.

या उशिरातून भांडण कसं तयार होतं पाहा. अँकर ‘पण’ म्हणून मध्ये बोलतो. पाहुण्याला ते दीड सेकंदाने ऐकू येतं, तोवर तो पुढच्या वाक्यात शिरलेला असतो. तो थांबतो. इकडे अँकरला वाटतं, हा थांबत नाही, म्हणून तो स्वतः गप्प होतो. तिकडे शांतता ऐकून पाहुणा पुन्हा सुरू होतो, त्याच क्षणी अँकरही. दोघेही सभ्य असले तरी प्रेक्षकाला दोन उद्धट माणसं दिसतात. अशा चार लाइन एकाच वेळी असतील आणि प्रत्येकीचा उशीर वेगळा असेल, तर आवाज एकमेकांवर चढणारच.

यावरचे उपाय साधे आहेत आणि तरी रोज विसरले जातात. प्रश्नाच्या आधी नाव घ्यायचं : ‘देशमुख सर, निर्यात शुल्काचा फायदा कुणाला झाला?’ नाव ऐकून पाहुणा सावध होतो, आणि कंट्रोल रूममधल्या माणसाला योग्य चौकोन मोठा करायला सेकंदभर मिळतो. नाव प्रश्नाच्या शेवटी घेतलं तर तोवर दोन जण उत्तर द्यायला लागलेले असतात. प्रश्न एका दमात संपेल एवढाच ठेवायचा. ‘हो’, ‘बरोबर’, ‘अच्छा’ असे हुंकार लाइनवरच्या पाहुण्याला द्यायचेच नाहीत, कारण ते त्याच्यापर्यंत पोहोचतात तेव्हा त्याला ती अडवणूक वाटते. तोडायचंच असेल तर ‘पण, पण, पण’ असं तीनदा म्हणण्यापेक्षा एकदा नाव घेऊन दोन सेकंद थांबावं. त्या दोन सेकंदांत आवाज पोहोचतो.

अँकरच्या कानात काय असतं?

कानातल्या छोट्या यंत्राला इअरपीस म्हणतात आणि कंट्रोल रूममधून त्यावर बोलण्याच्या सोयीला टॉकबॅक. निर्माता तिथून अँकरला सांगत असतो : ‘दोन मिनिटं’, ‘तिसऱ्या चौकोनाला जा’, ‘साताऱ्याचा फोन तयार आहे’, ‘ब्रेक घे’. पाहुणा बोलत असताना अँकरची नजर क्षणभर स्थिर होते, ती बहुतेक वेळा यामुळे. शहाणा निर्माता फक्त आकडे आणि नावं सांगतो, आणि तेही पाहुणा बोलत असताना. अँकर प्रश्न विचारत असताना कानात पूर्ण वाक्य बोललं की प्रश्न मध्येच अडखळतो. काही अँकर टॉकबॅक सतत उघडा ठेवतात, म्हणजे कंट्रोल रूममधली सगळी धावपळ त्यांना ऐकू येते. काहींना बटण दाबल्यावरच येणारा आवाज चालतो. नवख्याने दुसऱ्यापासून सुरुवात करावी.

पाहुण्याच्या कानात मात्र वेगळंच मिश्रण जावं लागतं. त्याला अँकर आणि बाकीचे पाहुणे ऐकू यायला हवेत, पण स्वतःचा आवाज नको. ऑफिसात दुपारी सगळ्यांचे डबे एकत्र उघडतात आणि प्रत्येकजण स्वतःची रोजची भाजी सोडून बाकीच्यांचं चाखतो, तसं हे मिश्रण. सहा पाहुणे लाइनवर असतील तर साउंड इंजिनिअरला अशी सहा वेगवेगळी मिश्रणं तयार ठेवावी लागतात, प्रत्येकात एक आवाज वगळून. तांत्रिक लोक याला ‘मिक्स-मायनस’ म्हणतात.

यात एक जरी जोडणी चुकली, तरी पाहुण्याला स्वतःचाच आवाज थोड्या उशिराने परत ऐकू येतो. पाव सेकंदाच्या आसपासचा उशीर सगळ्यात वाईट. माणूस अडखळतो, शब्द ओढतो, आवाज वाढवतो आणि शेवटी इअरपीस काढून टाकतो. मग त्याला अँकर ऐकूच येत नाही आणि तो थांबतच नाही. एखादे ज्येष्ठ प्राध्यापक पाच मिनिटं अखंड बोलत सुटले, तर दोष त्यांचा असेलच असं नाही. घरून व्हिडिओ कॉलवर आलेल्या पाहुण्याच्या शेजारच्या खोलीत तोच कार्यक्रम टीव्हीवर चालू असतो, तेव्हाही हेच होतं. म्हणून पाहुणे जुळवणाऱ्याने आधी सांगायचं ते एवढंच : टीव्ही बंद, वायरचे इअरफोन, लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून, फोन सायलेंट, आणि निदान दहा मिनिटं आधी आवाजाची चाचणी.

मग माइक बंद का करत नाहीत?

हा प्रश्न सगळेच विचारतात. करतात, पण अर्धवट. लाइनवरच्या पाहुण्याचा आवाज पूर्ण तोडला तर प्रेक्षकाला हलणारे ओठ दिसतात आणि दुसऱ्या दिवशी ‘आमचा आवाज दाबला’ अशी बोंब होते. म्हणून इंजिनिअर तो आवाज खाली घेतो, म्हणजे तो मागून बारीक येत राहतो. स्टुडिओत सगळे एकाच टेबलाशी असतील तर हेही जमत नाही. एकाचा माइक खाली घेतला तरी त्याचा आवाज शेजाऱ्याच्या माइकमधून आत शिरतो, आणि तसा शिरलेला आवाज घुमल्यासारखा, आणखी कर्कश येतो.

त्यामुळे बसवण्याची पद्धत महत्त्वाची. कट्टर विरोधक शेजारी बसवायचे नाहीत. त्यांना तिरकं समोरासमोर बसवायचं, मध्ये निदान दोन हात अंतर आणि सूत्रधार अशा जागी की त्याला सगळ्यांचे डोळे दिसतील. बोलायला उत्सुक माणूस आधी श्वास घेतो, पुढे झुकतो, बोट उचलतो. सूत्रधाराने हे पाहून हातानेच ‘थांबा, तुम्ही पुढचे’ असं खुणावलं, तर निम्मी आरडाओरड टळते, कारण आपली नोंद झाली हे कळलं की माणूस थांबतो. खुर्च्या फिरत्या नकोत. अस्वस्थ पाहुणा गोल गोल फिरतो आणि त्याचा आवाज माइकपासून दूर-जवळ होत राहतो.

कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, आणि पाहुणा ज्या बाजूला वळून बोलणार आहे त्या बाजूला लावायचा. मंगळसूत्र, मोत्यांची माळ, उपरणं, कडक इस्त्रीचा पदर : माइकवर घासणाऱ्या या नेहमीच्या गोष्टी. चाचणीत पाहुणा ताठ बसलेला असतो म्हणून आवाज स्वच्छ येतो. चर्चेत तो तावातावाने पुढे झाला की खरखर सुरू होते. चाचणी घेताना त्याला जरा हातवारे करून बोलायला लावावं.

‘पण वाहिन्यांना भांडणच हवं असतं ना?’

काहींना हवं असतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. टीव्हीच्या प्रेक्षकसंख्येची मोजणी बार्क ही संस्था करते. ती मोजते ते किती घरांत वाहिनी लागली आणि किती वेळ टिकली. प्रेक्षकाला काही समजलं का, हे त्या आकड्यात नसतं. वाहिनी बदलत जाणारा हात आरडाओरड ऐकून थबकतो, हे निर्मात्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणं थांबवण्यात आलं आणि ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेव्हा दर आठवड्याच्या सुट्या आकड्याऐवजी चार आठवड्यांची फिरती सरासरी आली. एका रात्रीच्या हंगाम्याचं बक्षीस थोडं कमी व्हावं अशी ही रचना. हंगामा त्यामुळे संपला नाही, हे आपण बघतोच.

खर्च हे दुसरं कारण, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. चांगला वृत्तांत करायचा तर वार्ताहर, कॅमेरामन, गाडी, दोन-तीन दिवस लागतात. आठ जणांना व्हिडिओ कॉलवर जोडून तासभर भरायला त्यातलं काहीच लागत नाही.

विषय नको, प्रश्न हवा

‘कांद्याचा वांधा’ हा विषय झाला. त्यावर प्रत्येकजण पाठ केलेलं भाषण करणार. आता हेच बघा : केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये ती शुल्कासह खुली केली, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के केलं आणि १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकलं. यातून प्रश्न निघतो : ‘शुल्क गेल्याचा फायदा बाजार समितीत माल आणणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचला का, आणि नसेल तर मध्ये कुठे अडला?’ याला उत्तर असू शकतं. आणि पाहुणे कोण हवेत हेही या प्रश्नातूनच ठरतं : शेतकरी, निर्यातदार व्यापारी, शेतीबाजाराचा अभ्यासक आणि सरकारची बाजू मांडणारा. चार झाले. पाचव्याची गरज नाही. तारखांची पट्टी स्क्रीनवर लावून ठेवली, तर ‘शुल्क कुणी लावलं’ यावरची दहा मिनिटांची हुज्जत वाचते.

इथे समतोलाबद्दल एक गैरसमज आहे. दोन बाजूंना सारखी मिनिटं दिली की चर्चा निःपक्ष झाली, असं मानलं जातं. मतांच्या प्रश्नात ते ठीक आहे. आकडा किंवा तारीख खरी की खोटी, या प्रश्नात सारखी मिनिटं देणं म्हणजे चुकीच्या माहितीला फुकट जागा देणं. सूत्रधाराने तिथे स्वतः कागद दाखवून मुद्दा मिटवायचा आणि पुढे जायचं. त्यासाठी कागद आधी जवळ असावा लागतो.

खोलवर मुलाखत : तयारीचं काम

मुलाखतकाराच्या टेबलावर प्रश्नांची यादी असते, असं प्रेक्षकाला वाटतं. अनुभवी माणसाजवळ यादीपेक्षा एक पुरावा-पत्रक असतं : पाहुण्याने कधी, कुठे, नेमक्या कोणत्या शब्दांत काय म्हटलं, कोणत्या अहवालाच्या कितव्या पानावर काय आहे. ‘तुम्ही मागे असं म्हणाला होतात’ याला ‘मी असं म्हणालोच नाही’ हे उत्तर तयार असतं. तारीख, ठिकाण आणि शब्द समोर ठेवले की ते दार बंद होतं.

तयारी किती फरक पाडते याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९७७ मधली डेव्हिड फ्रॉस्ट यांनी रिचर्ड निक्सन यांची घेतलेली मुलाखत. फ्रॉस्ट यांची ओळख गप्पांचे कार्यक्रम करणारा मनोरंजनकार अशी होती, आणि वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा दिलेले, वकिली शिकलेले निक्सन त्यांना गुंडाळून ठेवतील असं अनेकांना वाटत होतं. फ्रॉस्ट यांच्या संशोधकांनी निक्सन यांच्या संभाषणांचं आधी फारसं वापरलं न गेलेलं लिखित रूप शोधून काढलं, आणि ते नेमक्या क्षणी समोर आल्यावर निक्सन यांची मांडणी ढासळली. बारा दिवसांत जवळजवळ २९ तास ध्वनिचित्रमुद्रण झालं. प्रेक्षकांनी आधी पाहिले ते दीड-दीड तासाचे चार भाग. म्हणजे चित्रित झालेल्या पाच तासांतला एक. आपल्याकडे तासाची मुलाखत तासातच उरकतात आणि मग ती खोल का नाही असं विचारतात.

प्रश्नांचा क्रमही ठरवून ठेवायचा असतो. पहिला प्रश्न सोपा, पण ठोस. पाहुण्याचं चरित्र वाचून दाखवून ‘कसं वाटतं?’ विचारणं ही सगळ्यात रुळलेली आणि सगळ्यात वाया गेलेली सुरुवात. त्याऐवजी एक प्रसंग विचारावा : ‘त्या सकाळी धरणाचे दरवाजे उघडायचा निर्णय किती वाजता झाला? खोलीत कोण कोण होतं?’ माणूस आठवणीत शिरला की पाठ केलेली वाक्यं मागे पडतात. अवघड प्रश्न साधारण मुलाखतीच्या मधल्या भागात यावा. फार लवकर विचारला तर पाहुणा मिटतो. शेवटच्या दोन मिनिटांसाठी ठेवला तर ‘यावर सविस्तर बोलावं लागेल’ म्हणून तो वेळ काढतो.

प्रश्न बिघडण्याच्या ठरलेल्या तऱ्हा आहेत. तीन प्रश्न एकात गुंफले की पाहुणा त्यातला सोपा निवडतो. प्रश्नातच उत्तर दिलं, जसं ‘तुम्हाला नाही का वाटत की हे धोरण फसलंय?’, तर तो फक्त ‘नाही वाटत’ म्हणतो आणि मोकळा होतो. प्रश्न पाऊण मिनिटाहून लांबला तर तो प्रश्न नाही, भाषण आहे. ‘का’ आणि ‘कसं’ने उत्तर उघडतं, ‘झालं की नाही’ने ते बंद होतं. बंद प्रश्न वाईट नसतात, त्यांची जागा वेगळी असते. पाहुणा निसटू पाहतो तेव्हा तेच कामाला येतात.

बीबीसीवर १३ मे १९९७ रोजी जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न जवळजवळ डझनभर वेळा विचारला : तुरुंग विभागाच्या प्रमुखाचा निर्णय आपण डावलू, अशी धमकी तुम्ही त्यांना दिली होती का? हो किंवा नाही एवढंच उत्तर होतं, आणि ते आलं नाही. त्या रात्री प्रेक्षकाला त्या न आलेल्या उत्तरातून जे कळलं ते दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाने कळलं नसतं. पॅक्समन यांनी पुढे सांगितलं की कार्यक्रमातला पुढचा भाग तयार नव्हता, म्हणून ते त्याच प्रश्नावर राहिले. ही गंमत सोडली तरी पद्धत खरी आहे, फक्त एका अटीवर : प्रश्न छोटा हवा, बंद हवा आणि सूर शांत हवा. चढ्या आवाजात तोच प्रश्न तीनदा विचारला की प्रेक्षकाची सहानुभूती पाहुण्याकडे वळते.

आणि शांतता. उत्तर संपल्यावर तीन सेकंद थांबायचं, मान किंचित हलवायची, नजर हटवायची नाही. रिकामी जागा पाहुण्याला सोसवत नाही. तो ती स्वतःच भरतो, आणि बहुतेक वेळा मनातलं तिथेच बोलतो. थेट प्रक्षेपणात तीन सेकंद फार लांब वाटतात, कंट्रोल रूममधून ‘पुढे जा’ असा आवाजही येतो. तो आवाज सोसणं शिकावं लागतं.

‘प्रश्न आधी पाठवा’ अशी मागणी हमखास येते. विषयांची यादी द्यावी, शब्दशः प्रश्न देऊ नयेत. पाठ केलेलं उत्तर ऐकताना कळतं; त्यात वाक्यं पूर्ण असतात आणि डोळे स्थिर.

रेडिओवर वेगळं काय?

चेहरे नाहीत, म्हणून कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याला सतत सांगावं लागतं. दर दोन-तीन मिनिटांनी नाव, आणि चर्चेत प्रत्येक पाळीला नाव. तीनहून जास्त पाहुणे नकोत, आणि जमल्यास आवाज एकमेकांपासून वेगळे निवडावेत; सारख्या पट्टीतले तीन पुरुष एकत्र आले की दहाव्या मिनिटाला सगळे एकच होतात. तुम्ही मान हलवली तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही आणि ‘हं हं’ म्हणालात तर संपादनात ते कापता येत नाही, कारण ते दुसऱ्याच्या शब्दांवर बसलेलं असतं. माइकपासून तोंड एक वीत, जरा तिरकं, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फटका बसत नाही. टिपणं टाचणी काढलेल्या सुट्या कागदांवर. पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. ध्वनिमुद्रण संपल्यावर कुणी न बोलता खोलीचा अर्धा मिनिट आवाज घेऊन ठेवायचा. संपादनात दोन वाक्यांमधली फट याच आवाजाने भरतात, नाहीतर सांधा ऐकू येतो.

खाजगी एफएमवर राजकीय परिसंवाद का ऐकू येत नाहीत, असं विचारलं जातं. कारण भारतात खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी देता येतात, शिवाय वाहतूक, हवामान अशी माहिती. त्यामुळे रेडिओवरची सार्वजनिक प्रश्नांवरची चर्चा आकाशवाणीकडेच राहिली, आणि तासभर निवांत चालणारी मुलाखत आता पॉडकास्टकडे गेली.

निवडणुकीत आणि कायद्यात

मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर मोफत वेळ देण्याची सध्याची योजना १९९८च्या लोकसभा निवडणुकीपासून आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत त्या मतदारसंघात टीव्हीवर निकालावर प्रभाव पडेल असा निवडणुकीचा मजकूर दाखवता येत नाही. टप्प्याटप्प्याने मतदान असेल तेव्हा थेट चर्चेच्या सूत्रधाराला हे डोक्यात ठेवावं लागतं. पाहुणा मध्येच ‘आमच्याच उमेदवाराला मत द्या’ म्हणाला तर त्याला तिथल्या तिथे अडवायचं.

‘बोलला पाहुणा, अँकर काय करणार?’ हा बचाव पूर्वी सर्रास चालायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये द्वेषपूर्ण भाषणांच्या प्रकरणाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने अँकरची भूमिका फार महत्त्वाची असल्याचं आणि असं बोलणं सुरू होताच ते थांबवणं हे त्याचं कर्तव्य असल्याचं बोलून दाखवलं. व्यवहारात याचा क्रम असा : आवाज खाली, चौकोन हटवायचा, सूत्रधाराने एका वाक्यात हरकत नोंदवायची, आणि चर्चा त्या वाक्यावर न नेता पुढच्या पाहुण्याकडे. ‘काय म्हणालात, परत सांगा’ असं विचारणारा अँकर थांबवत नसतो, वाढवत असतो.

प्रेक्षकालाही काही करता येतं. २०२१ च्या केबल टीव्ही नियमांप्रमाणे तक्रार आधी त्या वाहिनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे करायची. वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन मंडळाची सदस्य आहे त्याच्याकडे अपील करता येतं, आणि त्याने ते ६० दिवसांत निकाली काढायचं असतं. त्यावर केंद्र सरकारची समिती आहे. तक्रारीत कार्यक्रमाचं नाव, तारीख, मिनिटासह वेळ आणि हरकतीचं वाक्य जसंच्या तसं लिहावं, सोबत ध्वनिचित्रफितीचा दुवा जोडावा. ‘चर्चा एकतर्फी होती’ एवढंच लिहिलेल्या तक्रारीतून तपासण्यासारखं काहीच हाती लागत नाही.